मरणाचा आकडा कसा वाचावा?
(पिंगुळी व पंचक्रोशीतील विवाहित जोडप्यांसाठी)



कुटुंब कल्याणाच्या पत्रकात मरणाची गोष्ट कशाला, असे तुम्हांला वाटेल. पाळणा लांबवणे, तांबी, निरोध, शस्त्रक्रिया हे या पत्रकांचे नेहमीचे विषय. पण ओसरीवर बसून बोलणे सुरू झाले की गाडी शेवटी मरणापाशीच येऊन थांबते. "आमच्या आवशीक आठ पोरां झाली, त्यातली पाच जगली. एकादोघांवर थांबान कसां चलतलां?" असे सासूबाई विचारतात आणि सूनबाईला उत्तर सुचत नाही.

सासूबाईंचे बोलणे अडाणीपणाचे नाही. त्यांच्या आईच्या काळी हिशेब तसाच होता. आज तो बदलला आहे का, आणि बदलला असेल तर किती, हे मात्र आकड्यांवरूनच कळते. दुसरीकडे कोणीतरी सांगतो की आपल्या जिल्ह्यात माणसे घटत चालली, मरणे वाढली, शेजारच्या तालुक्यात बरे आहे. यातले खरे किती? आकडा खोटा नसतो, पण तो वाचता आला नाही तर भलतेच सांगून जातो. म्हणून या पत्रकात आकडा वाचायचा कसा, तेवढेच पाहू.

दर म्हणजे काय?

एका गावात वर्षात ४० माणसे गेली आणि दुसऱ्या गावात १५. पहिले गाव वाईट म्हणायचे का? नाही. आधी विचारायचे, माणसे किती आहेत? पहिल्या गावात ५,००० माणसे असतील तर हजारी ८ मरणे झाली. दुसऱ्यात १,५०० असतील तर हजारी १० झाली. हजार माणसांमागे वर्षाला किती मृत्यू, यालाच मृत्युदर म्हणतात. बालमृत्युदर वेगळा. तिथे भागाकार माणसांशी नाही, जन्मांशी करायचा. वर्षात जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे एक वर्ष पुरे होण्याआधी किती बाळे दगावली, तो बालमृत्युदर. ही दोन नावे सारखी वाटतात आणि सभेत बोलणारेसुद्धा त्यांची गल्लत करतात. तुम्ही करू नका.

आता महाराष्ट्राचे आकडे पाहा. १९७१ साली आपल्या राज्यात हजारी १२.३ मृत्यू होत. १९९१ साली ८.२ झाले, २०११ साली ६.३ आणि २०२० साली ५.५. बाळांचा आकडा याहून बोलका आहे. १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांपैकी १०५ पहिल्या वाढदिवसाआधी जात. १९८१ साली ७९, १९९१ साली ६०, २००१ साली ४५, २०११ साली २५ आणि २०२० साली १६.

सासूबाईंच्या आईचा हिशेब आता मांडून पाहू. हजारी १०५ बाळे जाण्याचा काळ आणि घरात आठ बाळंतपणे. अशा घरात निदान एक तान्हे बाळ जाण्याचा संभव निम्म्याहून जास्त येतो. वर्षानंतर गोवर, देवी, हगवण यांनी जाणारी मुले यात धरलेलीच नाहीत. म्हणजे आठांतली तीन गेली यात नशिबाचा कोप नव्हता, त्या काळचा दरच तसा होता. आज हजारी १६ च्या दराने दोन मुलांच्या घरांचा हिशेब केला तर अशा शंभर घरांपैकी सुमारे तीन घरांवर हा घाला येतो. तीन घरे ही काही थोडी नव्हेत, ज्याच्या घरी झाले त्याला शंभरचा हिशेब काय कामाचा? पण "दोन गेली तरी दोन राहतील" म्हणून चार करण्याचे कारण या आकड्यात उरलेले नाही.

एका चित्रावरून कथा सांगू नका

पिंगुळीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. ठाकर समाजाचे चित्रकथी कलावंत पोथीतले एकच चित्र दाखवून कथा उरकत नाहीत. एकामागून एक चित्रे पुढे येतात तेव्हा कथा कळते. मृत्युदराचेही तसेच आहे. एका वर्षाचा आकडा हे एक चित्र.

देशाचा मृत्युदर २०२० साली ६.० होता. २०२१ साली तो ७.५ झाला. ते कोविडच्या दुसऱ्या लाटेचे वर्ष. २०२३ साली तो पुन्हा ६.४ वर आला. आता २०२१ हेच वर्ष धरून कोणी २०२३ शी तुलना केली तर वाटेल, आरोग्यखात्याने केवढी कर्तबगारी केली! आणि २०२० शी २०२१ ची तुलना केली तर वाटेल, सगळे बुडाले. पन्नास वर्षांची रांग समोर ठेवली तरच दर उतरत आला आहे, मध्ये एका साथीने उसळी घेतली, हे दिसते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्या दशकाचा सगळा आकडाच बिघडवला होता. त्यामुळे जुनी माणसे तिची गोष्ट पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिली.

महिन्यांचेही तेच. आपल्याकडे पाऊस सुरू झाला, शेतात चिखल झाला की लेप्टोचा ताप डोके वर काढतो. सप्टेंबरचा आकडा एप्रिलच्या आकड्याशी ताडून पाहिला तर काहीच कळणार नाही. सप्टेंबर मागच्या सप्टेंबरशी ताडावा. दोडामार्ग तालुक्यातील केर गावात २०१६ साली माकडताप आला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला आला. ही साथ जंगल-बागायतीच्या कडेने, हिवाळा संपता संपता व उन्हाळ्यात येते. त्या एका हंगामावरून त्या तालुक्याला कायमचा शिक्का मारणे बरे नव्हे.

म्हातारी माणसे आणि आकड्याची फसगत

आता खरी गंमत ऐका. आरोग्याच्या कामात केरळचे नाव पहिले घेतात. २०२० साली केरळात हजारी फक्त ६ बाळे दगावली, बिहारात २७. मग एकूण मृत्युदर केरळात कमी असायला हवा ना? प्रत्यक्षात त्या वर्षी केरळचा मृत्युदर ७.० होता, बिहारचा ५.४ आणि आपल्या महाराष्ट्राचा ५.५. म्हणजे आकड्यावरून केरळ सर्वांत वाईट! असे कसे?

केरळात म्हातारी माणसे जास्त आहेत, एवढेच त्याचे कारण. बाळे वाचली, आया वाचल्या, माणसे सत्तरी-ऐंशी गाठू लागली. जन्म कमी झाले म्हणून लहान मुलांचा वाटाही घटला. पिकले पान कधीतरी गळणारच. ज्या राज्यात पिकली पाने जास्त, तिथे गळणारी जास्त.

हा हिशेब दोन गावे कल्पून करून पाहू. दोन्ही गावांत १०,००० माणसे आहेत, असे समजा. पहिल्या गावात साठीच्या पुढची २,००० आणि बाकीची ८,०००. दुसऱ्यात साठीच्या पुढची ८०० आणि बाकीची ९,२००. पहिल्या गावात म्हाताऱ्यांत हजारी ४० मृत्यू होतात, बाकीच्यांत हजारी ३. म्हणजे ८० आणि २४, एकूण १०४. दर आला १०.४. दुसऱ्या गावात म्हाताऱ्यांत हजारी ५० होतात, बाकीच्यांत हजारी ५. म्हणजे ४० आणि ४६, एकूण ८६. दर आला ८.६.

नीट पाहा. दुसऱ्या गावात म्हातारेही जास्त प्रमाणात मरतात आणि तरणेही जास्त प्रमाणात मरतात, तरी त्याचा एकूण दर कमी! ही फसगत टाळायची तर दोन्ही गावांत माणसांची वाटणी सारखी आहे असे धरून हिशेब करायचा. १०,००० मध्ये १,००० म्हातारी व ९,००० बाकीची धरली तर पहिल्या गावाचे ६७ मृत्यू येतात आणि दुसऱ्याचे ९५. आता खरे काय ते दिसले. तालुक्या-तालुक्यांची तुलना कोणी तुम्हांला सांगेल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, "वय धरून हिशेब केलात की नुसती डोकी मोजलीत?"

आपला सिंधुदुर्ग पहिल्या गावासारखा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा. २००१ च्या जनगणनेत इथे ८,६८,८२५ माणसे होती, २०११ साली ८,४९,६५१ भरली. रत्नागिरीतही त्याच दहा वर्षांत माणसे घटली. यावरून मरणे वाढली असे म्हणणे साफ चूक. झील मुंबईक गेलो, चेडू लगीन होऊन पुण्याक गेली. मुले कमी जन्मली आणि जन्मली ती पोटापाण्यासाठी बाहेर पडली. २०११ साली सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरीत १,१२२. पुरुष कुठे गेले ते प्रत्येक घराला माहीत आहे. गिरणीतून, गोदीतून, पोलिसातून, ऑफिसातून निवृत्त झाला की चाकरमानी घराच्या ओढीने परत येतो आणि इथेच देह ठेवतो. तरणेपण मुंबईच्या खाती आणि म्हातारपण आपल्या खाती! त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा नुसता मृत्युदर मुंबईच्या किंवा ठाण्याच्या दराशी ताडून "कोकणात मरणे जास्त" म्हणणाऱ्याला अर्धेच ठाऊक आहे.

मरण लिहिले कुठे?

दुसरी अडचण नोंदीची. कायदा १९६९ चा आहे. जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद होते, माणूस कुठल्या गावचा हे नंतर. कुडाळ तालुक्यात ओरोस येथे जिल्हा रुग्णालय आहे. देवगडचा, मालवणचा, वैभववाडीचा अत्यवस्थ रोगी तिथे आणला आणि तिथेच गेला तर नोंद कुडाळ तालुक्यात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग बाजूचे कितीतरी रोगी गोव्याला बांबोळीच्या रुग्णालयात नेतात. तिथे गेले तर आपल्या जिल्ह्याच्या दप्तरात ते मरण नाहीच. मुंबई-गोवा महामार्गावर परगावचा ट्रकवाला अपघातात गेला तर तो आपल्या दप्तरात. आता सांगा, नुसती दप्तरे मोजून कुडाळ वाईट आणि दोडामार्ग चांगला ठरवणे बरोबर होईल का? मृत माणसाचा राहण्याचा पत्ता पाहून नोंदी त्या त्या तालुक्याकडे वळत्या केल्या तरच तुलना न्यायाची होते. नोंद करताना पत्ता नीट सांगा असे ग्रामसेवक पुन्हा पुन्हा सांगतात, ते उगाच नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे जे मरण लिहिलेच जात नाही. दुर्गम पाड्यात बाळ जन्मले, दोन तासांत गेले, घरच्यांनी पुरून टाकले. ना जन्माची नोंद ना मृत्यूची. किंवा जिवंत जन्मलेले बाळ "उपजतच मेलेले" म्हणून सांगितले. मग त्या भागाचा बालमृत्युदर कागदावर छान दिसतो. महाराष्ट्रात हे घडलेले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने ते उघड केले. सरकारी कागदांत येणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे गावोगाव मोजून त्यात दाखवले होते. त्यामुळे फार कमी आकडा दिसला की लगेच टाळ्या वाजवू नयेत. आधी विचारावे, सगळी मरणे लिहिली गेली का? आकडा एकदम वाढला तरी घाबरू नये. कधी कधी नोंद सुधारली म्हणूनही तो वाढतो.

लहान गावाचा आकडा उड्या मारतो

तिसरी गोष्ट पटकन सांगतो. एका गावात वर्षाला २० बाळे जन्मतात असे समजा. एक दगावले तर दर हजारी ५०, एकही नाही तर शून्य. एका वर्षी गाव बिहारच्याही मागे, दुसऱ्या वर्षी केरळच्याही पुढे! गाव तेच, नर्सबाई त्याच. म्हणून लहान गावाची पाच वर्षे एकत्र करावीत. शंभर जन्मांत तीन बाळे गेली तर हजारी ३० धरता येईल, आणि तोही ढोबळ. दोडामार्ग, वैभववाडी हे लोकसंख्येने लहान तालुके आहेत, त्यांनाही हाच नियम.

बाळंतपणात दगावणाऱ्या मातांचे तर मुळीच तसे मोजून चालत नाही. त्यांचा दर लाख जन्मांमागे काढतात. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये तो १३० होता, २०१८-२० मध्ये ३३ वर आला. केरळचा त्या वेळी १९, देशाचा ९७. जिल्ह्यात वर्षाला ५,००० बाळंतपणे झाली असे धरा. एक माता गेली तर दर २०, दोन गेल्या तर ४०. अशा आकड्याची कसली तुलना करणार? म्हणून आरोग्यखाते प्रत्येक मातेच्या मृत्यूची स्वतंत्र चौकशी करते. गाडी उशिरा आली का, रक्त मिळाले का, घरच्यांनी निर्णयाला वेळ लावला का, हे विचारले जाते. दराच्या गणितापेक्षा ही विचारपूस जास्त उपयोगाची, असे आमचे मत आहे.

जिल्ह्या-जिल्ह्यात फरक का?

एवढी सगळी काळजी घेऊनही महाराष्ट्रात जिल्ह्या-जिल्ह्यांत खरा फरक उरतोच. ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणाने मुले गेली आणि सारे राज्य हादरले. अमरावतीचा मेळघाट, नंदुरबारचे धडगाव व अक्कलकुवा, गडचिरोली ही नावे तेव्हापासून वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येत राहिली. रस्ता नाही, दवाखाना दूर, आईच्या पोटात अन्न नाही, लग्न लहान वयात आणि बाळंतपणे लागोपाठ. कोकणातही डोंगर आहेत, वाड्या विखुरलेल्या आहेत. पण आपल्याकडे आया लिहायला-वाचायला शिकल्या. २०११ साली सिंधुदुर्गात शंभरात ८५ च्या वर माणसे साक्षर होती. शिकलेली आई ताप अंगावर काढत नाही, लस चुकवत नाही. हा फरक डॉक्टरांनी एकट्याने घडवलेला नाही.

गडचिरोलीची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांत घरोघर मोजणी केली तेव्हा बालमृत्युदर हजारी १२१ निघाला. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवले. बाळाचे वजन कसे करायचे, त्याला ऊब कशी द्यायची, त्याचा श्वास कसा मोजायचा, जंतुदोष कसा ओळखायचा. ३९ गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हे जगापुढे आले. आज आशाताई बाळंतपणानंतर तुमच्या घरी ज्या फेऱ्या मारतात, त्याचे मूळ या कामात आहे. "कशाला येता पुन्हा पुन्हा, बाळ बरे आहे" असे म्हणून त्यांना अंगणातून परत पाठवणारी घरे आहेत. तसे करू नका.

कारण मरणे आता उरली आहेत ती तिथेच. २०२० साली देशात हजारी २८ बाळे पहिल्या वर्षात गेली. त्यांतली २० पहिल्या महिन्यात गेली आणि त्यातही १५ पहिल्याच आठवड्यात. देवी १९७५ नंतर देशात कोणाला झाली नाही, पोलिओ २०११ नंतर नाही. गोवर, घटसर्प, धनुर्वात यांना लस आहे. मोठ्या बाळाला मारणारी कारणे मागे हटली. उरले कमी वजनाचे, कमी दिवसांचे, जन्मताना गुदमरलेले बाळ. आणि असे बाळ कुणाच्या पोटी जास्त जन्मते? जी आई स्वतः अजून मुलगी आहे तिच्या, जिच्या अंगात रक्त कमी आहे तिच्या, आणि जिचे आधीचे मूल अजून अंगावर पिते तिच्या.

दोन बाळंतपणांत अंतर का ठेवायचे याचे खरे उत्तर इथे आहे. आधीचे बाळ झाल्यावर निदान दोन वर्षे दिवस राहू देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याआधी राहिले तर पोटातल्या बाळाला धोका, आईला धोका आणि अंगावरचे दूध तुटले तर थोरल्यालाही. एका घाईत तीन जीव. दोन जन्मांत तीन वर्षे पडली तर आईचे शरीर भरून येते. पहिले मूल आई विशीची झाल्यावरच व्हावे.

अंतर ठेवण्याची साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. निरोध आहे. तांबी आहे, ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते आणि नको झाली की काढता येते. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' गोळी आहे. कुठले कुणाला मानवेल ते तपासूनच ठरते, शेजारणीला मानवले म्हणून आपल्याला मानवेल असे नाही. कुटुंब पुरे झाले असेल तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. ती करून घेणारे मात्र अजून थोडे. घोवाने यावर स्वतः विचार करावा, सगळे बायकोवर ढकलू नये. यात कोणाचीही सक्ती नाही. मुले किती आणि कधी, हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचे आहे.

तुमच्याकडून काय हवे?

घरात जन्म किंवा मृत्यू झाला की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत कळवा. रुग्णालयात झाला असेल तर नोंद रुग्णालयच करते, तिथे गावचा पूर्ण पत्ता, तालुका व जिल्हा सांगा. बाळ तासाभराचे होऊन गेले असले तरी ते लिहा. दुःखाच्या दिवशी कागद सुचत नाहीत, हे आम्ही जाणतो. अशा वेळी शेजाऱ्याने पुढे व्हावे. मृत्यूचे कारण लपवू नका. "तापाने गेला" एवढेच लिहिले तर तो लेप्टोचा होता की आणखी कसला, हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या पावसात वाडीवर वेळेत औषध पोहोचणार नाही.

मुंबईतले नातेवाईक गणपतीला येतील तेव्हा त्यांनाही हे पत्रक वाचायला द्या. दिवस राहिले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. पाळणा लांबवण्याविषयी विचारायचे असेल तर नवरा-बायको दोघांनी मिळून आरोग्य सेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात या. नोंदवहीत तुमचे नाव खासगी राहते.